पाइनचा शेंडा पोखरणारा पतंग: ओळख, टेहळणी आणि नियंत्रणाचे वेळापत्रक

पाइनच्या तरुण झाडाचा शेंडा मध्येच वाकडा झालेला दिसला, त्याच्या भोवतालच्या कळ्या तपकिरी पडून चिकट राळेने माखलेल्या दिसल्या, की त्यामागे बऱ्याचदा पंख पसरल्यावर जेमतेम दोन सेंटिमीटर भरणारा एक पतंग असतो. शास्त्रीय भाषेत त्याला ऱ्हायासिओनिया बुओलियाना म्हणतात आणि वनखात्यांच्या व रोपवाटिकांच्या व्यवहारात तो युरोपियन पाइन शूट मॉथ या नावाने ओळखला जातो. सफरचंद पोखरणाऱ्या अळीचे कुळ तेच याचे कुळ, म्हणजे टॉर्ट्रिसिडी. डेनिस आणि शिफरम्युलर या कीटकशास्त्रज्ञांनी 1775 मध्ये त्याचे वर्णन केले. मुळात तो युरोपातला. पण रोपांबरोबर प्रवास करत तो 1914 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आढळला, 1925 मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात सापडला आणि 1985 मध्ये चिलीत पोहोचला, जिथे राडिआटा पाइनच्या विस्तीर्ण लागवडींमुळे त्याला आयतेच खाद्य मिळाले.

हा पतंग झाड सहसा मारत नाही, तो झाडाचा आकार बिघडवतो. लाकडासाठी सरळ खोड हवे असणाऱ्याचे, नाताळसाठी डेरेदार झाडे वाढवणाऱ्याचे आणि बागेत मुगो पाइनचे सुबक झुडूप जपणाऱ्याचे नुकसान वेगवेगळे असले, तरी तिघांची अडचण एकच असते: अळी वर्षातला बहुतेक काळ कळीच्या किंवा कोंबाच्या आत, राळेच्या कवचाखाली बसलेली असते आणि तिथे औषध पोहोचत नाही. ती उघड्यावर येते ती वर्षातून दोनदाच, आणि दोन्ही वेळा थोड्या दिवसांसाठी. म्हणून या किडीच्या बाबतीत कोणते औषध वापरावे यापेक्षा कोणत्या आठवड्यात हात घालावा हे अधिक महत्त्वाचे आहे, आणि पुढचे सगळे टप्पे त्याच हिशेबाने मांडले आहेत.

पहिला टप्पा: किडीचे वर्ष समजून घ्या

या पतंगाची वर्षाला एकच पिढी होते. ही आपल्या दृष्टीने मोठीच सोय आहे, कारण एका हंगामात साधलेले नियंत्रण पुढच्या हंगामापर्यंत टिकते. पुढे दिलेले महिने उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण प्रदेशाचे आहेत. दक्षिण गोलार्धात सहा महिने पुढे मोजावेत. वसंत लवकर येणाऱ्या वर्षी सगळे वेळापत्रक एकदोन आठवडे अलीकडे सरकते, हेही लक्षात असू द्यावे.

पतंग साधारण जून आणि जुलैमध्ये कोषातून बाहेर पडतात. दिवसा ते सुयांच्या, म्हणजे पाइनच्या सुईसारख्या पानांच्या, झुबक्यात निश्चल बसतात, संध्याकाळी उजेड मावळताना उडतात आणि मीलनानंतर मादी नव्या कोंबावर, सुयांच्या तळाशी किंवा कळ्यांच्या आसपास एकेकटी वा लहान पुंजक्यांत अंडी घालते. अंडे चपटे आणि सुरुवातीला पिवळसर असते, पुढे त्याचा रंग गडद होत जातो. साधारण दहा दिवस ते दोन आठवड्यांत अळी बाहेर येते. ती अतिशय बारीक असते. काही काळ ती कोंबावर हिंडते, मग सुई आणि कोंब यांच्या बेचक्यात रेशमाचे छोटे जाळे विणते आणि त्याच्या आडोशाने सुईच्या तळाशी भोक पाडून आत खाऊ लागते. हाच तिच्या उघडेपणाचा पहिला काळ.

यानंतर अळी कळ्यांकडे वळते. पाइनच्या शेंड्यावर मध्ये एक मुख्य कळी आणि तिच्याभोवती बाजूच्या कळ्यांचे कडे असते. अळी या कळ्या आतून पोखरते, आणि जखमेतून पाझरणारी राळ तिच्या जाळ्यावर साचून कवच तयार होते. ऑगस्टच्या सुमारास तिचे खाणे थांबते आणि पोखरलेल्या कळीत किंवा राळेच्या कवचाखाली ती पूर्ण हिवाळा काढते. तोवर तिची लांबी काही मिलिमीटरच झालेली असते, त्यामुळे शरद ऋतूतले नुकसान फारसे नजरेत भरत नाही.

खरा नाश वसंतात होतो. एप्रिलमध्ये कळ्या फुगू लागल्या की अळी हिवाळ्याचा निवारा सोडून बाहेर पडते, ताज्या कळ्यांच्या मध्ये नवे, मोठे जाळे विणते, ते जाळे राळेने माखते आणि तिथून ती एकामागून एक कळ्या आणि लांबू लागलेले कोंब खात सुटते. निवारा सोडल्यापासून नव्या कोंबात पुरती शिरेपर्यंतचा काळ हा तिच्या उघडेपणाचा दुसरा काळ. मे संपता संपता तिची वाढ पूर्ण होते. या वेळी ती साधारण दीड सेंटिमीटर लांब, तपकिरी रंगाची असते आणि डोके व मानेवरची ढाल चकचकीत काळी असते. पोखरलेल्या कोंबाच्या आतच ती कोषात जाते आणि पतंग निघण्याच्या सुमारास कोष सरकत सरकत कोंबाबाहेर अर्धा डोकावतो. पतंग उडून गेल्यावर ही रिकामी, तपकिरी, कागदासारखी कोषाची साल कोंबातून बाहेर निघालेली दिसते. ओळख पटवण्यासाठी याइतकी सोयीची खूण दुसरी नाही.

दुसरा टप्पा: नुकसान याच किडीचे आहे ना, हे तपासा

पाइनचा शेंडा वाळण्याची कारणे अनेक आहेत आणि चुकीचे निदान झाले तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात. म्हणून या टप्प्याला भरपूर वेळ द्यावा. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, धारदार पातळ पाते आणि छाटणीची कात्री ठेवावी.

प्रथम झाड दुरून पाहावे. मुख्य शेंडा वाळून त्याच्या जागी दोनतीन बाजूचे कोंब स्पर्धेने वर चाललेले असतील, किंवा एकाच ठिकाणाहून कोंबांचा झाडूसारखा गुच्छ फुटला असेल, तर गेल्या एकदोन वर्षांत शेंड्याच्या कळ्या मेल्याचे ते चिन्ह आहे. याहून बोलकी खूण म्हणजे शिंगासारखा वाक. अळी वाढत्या कोंबाची एक बाजू खाते, कोंब त्या बाजूला कलंडतो, पण दुसऱ्या बाजूची ऊती शाबूत असल्यामुळे तो मरत नाही. त्याचे टोक पुन्हा आकाशाकडे वळते आणि वाढ चालू राहते. परिणामी खोडात जन्मभर टिकणारा, जुन्या टपालवाल्याच्या तुतारीसारखा वळसा तयार होतो. लाकूड कापायच्या वेळी हाच वळसा नडतो.

मग जवळ जाऊन एक बाधित कळी हातात घ्यावी. ताजी राळ पारदर्शक आणि बोटाला चिकटणारी असते, जुनी पांढरट आणि ठिसूळ. पात्याने राळेचा थर अलगद उचलला की त्याखाली रेशमाचे अस्तर लागते. अस्तर फाडल्यावर आत तपकिरी भुशासारखी विष्ठा आणि पोकळ झालेली कळी दिसते, आणि वेळ योग्य असेल तर त्या पोकळीत अळी मागे मागे सरकताना सापडते. तिला छातीकडे तीन जोड्या खरे पाय आणि पोटाखाली मांसल पाय असतात. राळ, रेशीम, विष्ठा आणि पाय असलेली अळी या चारही गोष्टी एकत्र मिळाल्या, तर शेंडे पोखरणाऱ्या पतंगाचे निदान जवळजवळ पक्के झाले असे समजावे.

आता गोंधळ उडवणाऱ्या इतर कारणांकडे. पाइन शूट बीटल हा भुंगेरा कोंबाच्या गाभ्यातून नळीसारखे स्वच्छ बोगदे करतो. बाहेर गोल भोक दिसते, रेशीम कुठेच नसते आणि पोकळ झालेले कोंब वाऱ्याने मोडून झाडाखाली पडतात. व्हाइट पाइन वीव्हिल या सोंडकिड्याच्या अळ्यांना पाय नसतात, त्या सालीखाली राहतात आणि मुख्य शेंड्याची गेल्या वर्षीची वाढसुद्धा मारतात, तर आपला पतंग मुख्यतः चालू वर्षाच्या कळ्या आणि कोंबांपुरताच मर्यादित असतो. डिप्लोडिया बुरशीने वाळलेल्या शेंड्यातही राळ येते आणि सुया आखूड राहतात, पण कोंब उभा चिरला तर बोगदा सापडत नाही. उलट मेलेल्या सुयांच्या तळाशी, जुन्या शंकूंच्या खवल्यांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके भिंगातून दिसतात. उशिरा पडलेल्या दहिवराने मेलेले कोंब मात्र एकाच रात्रीत, एकाच उंचीपर्यंत, सगळ्या झाडांवर सारखेच झुकतात आणि आतून भरीव असतात.

जवळच्या नात्यातल्या किडींचाही विचार करावा लागतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला नँटकेट पाइन टिप मॉथ दिसायला आणि वागायला बराच याच्यासारखा असतो, परंतु हवामानानुसार त्याच्या वर्षाला दोन किंवा अधिक पिढ्या होतात, त्यामुळे या लेखातले वेळापत्रक त्याला जसेच्या तसे लावू नये. युरोपात रेटिनिया रेझिनेला नावाचा पतंग कोंबावर राळेची गोळी तयार करतो आणि त्याचे जीवनचक्र दोन वर्षांचे असते. प्रौढ पतंग हाती लागला तर काम सोपे होते: आपल्या पतंगाचे पुढचे पंख नारिंगी ते विटकरी रंगाचे असून त्यांवर चंदेरी नागमोडी आडव्या रेघा असतात, मागचे पंख राखाडी असतात आणि पंखांचा पसारा 16 ते 24 मिलिमीटर भरतो.

तिसरा टप्पा: प्रादुर्भाव मोजा

एखाददुसरा वाळका कोंब पाहून घाबरून जाऊ नये आणि शंभर झाडांच्या तुकडीत कडेची चार झाडे पाहून निष्कर्षही काढू नये. उन्हाच्या आणि मोकळ्या बाजूची झाडे जास्त बाधित असतात, त्यामुळे केवळ कडा पाहिल्या तर अंदाज फुगतो. लागवडीतून तिरपे चालत पाच ठिकाणी थांबावे, प्रत्येक ठिकाणी दहा झाडे पाहावीत आणि प्रत्येक झाडाच्या वरच्या दोन थरांतले एकूण कोंब व बाधित कोंब वहीत लिहावेत. मुख्य शेंड्याची नोंद मात्र स्वतंत्र रकान्यात करावी. बाजूच्या फांद्यांवरचे दहा कोंब गेले तरी झाड ते भरून काढते; मुख्य शेंडा एकदा गेला तर खोड वाकते किंवा दुभंगते. माझ्या मते निर्णय नेहमी या दुसऱ्या रकान्यावर घ्यावा, पहिल्यावर नव्हे.

मोजणीसाठी सर्वांत चांगला काळ म्हणजे मे अखेर ते जूनचा पूर्वार्ध. त्या वेळी बाधित कोंब सुकून पिवळे ते तपकिरी झालेले असतात आणि हिरव्या कोंबांमध्ये ते लांबूनही ओळखू येतात.

मोजताना झाडांची उंचीही लिहून ठेवावी. साधारण सहासात मीटरपर्यंतच्या, मोकळ्यावर वाढणाऱ्या झाडांना धोका जास्त असतो. शेजारच्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडून सावली दाट झाली की प्रादुर्भाव आपोआप घटतो. म्हणून ज्या लागवडीतले शेंडे दोनतीन वर्षांत असे भिडण्याच्या बेतात आहेत, तिच्यावर मोठा खर्च करण्याआधी थांबून विचार करावा. जी नुकतीच गुडघ्याएवढी झाली आहे, तिच्याकडे मात्र लगेच लक्ष द्यावे.

चौथा टप्पा: कामगंध सापळ्यांनी उड्डाणाची तारीख पकडा

मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते त्याचा मुख्य घटक 1974 मध्ये निश्चित झाला. रसायनशास्त्रात त्याला ई-9-डोडेसिनिल ॲसिटेट म्हणतात. तोच गंध भरलेल्या गोळ्या बाजारात मिळतात. त्रिकोणी डेल्टा सापळ्यात ही गोळी टांगायची आणि तळाशी चिकट पत्रा ठेवायचा, एवढीच रचना असते.

सापळे मेच्या अखेरीस, म्हणजे पतंग उडू लागण्याच्या थोडे आधी लावावेत. झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागात, सापळ्याचे तोंड फांद्यांनी झाकले जाणार नाही अशा बेताने ते टांगावेत. पहिला पतंग मिळेपर्यंत शक्यतो दर दोनतीन दिवसांनी आणि नंतर आठवड्याला एकदा तपासणी करावी. पंखांवरच्या चंदेरी रेघा पाहून प्रत्येक पतंगाची खात्री करून घ्यावी, कारण याच वंशातल्या इतर जातींचे नरही अधूनमधून सापळ्यात येतात. चिकट पत्रा धुळीने किंवा खवल्यांनी भरला की बदलावा. गंधगोळी बदलण्याचा काळ पाकिटावर दिलेला असतो तोच पाळावा, आणि गोळी हाताळलेले हातमोजे इतर ठिकाणी वापरू नयेत.

सापळ्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे आधीच ठरवलेले बरे. त्यात फक्त नर येतात, त्यामुळे सापळे लावून कीड संपेल अशी आशा धरू नये. किती पतंग पडले यावरून किती कोंब जातील याचा नेमका हिशेबही लागत नाही. सापळा आपल्याला देतो ती तारीख. पतंगांची आवक ठळकपणे वाढली त्या दिवसापासून सुमारे दहा ते चौदा दिवसांनी अळ्या अंड्यांतून बाहेर पडू लागतात, आणि थंडी असेल तर थोड्या उशिराने. फवारणी करायचीच असेल तर ती या तारखेवरून ठरते.

पाचवा टप्पा: छाटणी

बागेतली मोजकी झाडे, रोपवाटिकेतली तुकडी किंवा लहान लागवड असेल तर छाटणी हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे आणि माझा पहिला कल नेहमी तिच्याकडेच असतो. छाटलेल्या कोंबाबरोबर अळी निश्चितपणे जाते, मित्रकीटकांना विषारी औषधाचा त्रास होत नाही आणि चूक झाली तरी ती एका कोंबापुरती राहते.

छाटणीची वेळ म्हणजे बाधित कोंब ओळखू येऊ लागल्यापासून पतंग बाहेर पडेपर्यंतची, म्हणजे साधारण मेचा मध्य ते जूनचा पहिला आठवडा. रिकाम्या कोषाच्या साली कोंबातून बाहेर आलेल्या दिसू लागल्या, तर पतंग उडून गेलेले असतात. त्यानंतरची छाटणी झाडाच्या आकारासाठी उपयोगी पडते, कीड कमी करण्यासाठी नाही.

कोंब धरून तो कुठपर्यंत पोकळ आहे हे आधी पाहावे. दोन बोटांमध्ये हलकेच दाबत खाली सरकले की मऊ, पोकळ भाग कुठे संपतो आणि भरीव लाकूड कुठे लागते ते कळते. त्या खुणेच्या थोडे खाली काप घ्यावा. कापल्यावर पृष्ठभाग पाहावा: मध्यभागी तपकिरी डाग किंवा भोक दिसले तर आणखी थोडे खाली यावे, स्वच्छ पांढरट गाभा दिसेपर्यंत. मात्र काप नेहमी हिरव्या सुया असलेल्या भागातच घ्यावा. सुया गळून गेलेल्या जुन्या लाकडातून पाइनला सहसा नवे कोंब फुटत नाहीत आणि तिथे कापलेली फांदी तशीच वाळते.

मुख्य शेंडा गेला असेल तर थोडे अधिक काम करावे लागते. त्याच कड्यातला सर्वांत जोमदार, शक्य तितका सरळ आणि निरोगी बाजूचा कोंब नवा शेंडा म्हणून निवडावा. उरलेले कोंब त्याच्यापेक्षा निश्चितपणे आखूड राहतील इतके मागे छाटावेत, म्हणजे वाढीचा जोर एकाकडेच जाईल. निवडलेला कोंब फारच आडवा असेल तर एक बारीक काठी खोडाला सैल बांधून तिच्या आधाराने तो उभा करावा आणि वाढीच्या हंगामानंतर बांध काढून टाकावा. बांध विसरला तर तोच खोडाला काचतो. दुभंगलेल्या जुन्या झाडावरही हाच उपाय करता येतो, पण दोन्ही फांद्या मनगटाएवढ्या जाड होण्याआधी.

छाटलेले कोंब झाडाखाली टाकू नयेत. वाढ पूर्ण झालेली अळी किंवा कोष कापलेल्या कोंबातही आपले चक्र पूर्ण करू शकतो. ते घट्ट बांधलेल्या पिशवीत भरावेत आणि जिथे स्थानिक नियम परवानगी देतात तिथे जाळावेत, अन्यथा खोल पुरावेत. कात्रीच्या पात्यावर राळ साचून काप फाटका येतो, म्हणून काम चालू असतानाच पाती स्पिरिटने पुसत राहावीत.

सहावा टप्पा: फवारणी, गरज असेल तरच

फवारणीच्या दोन वेळा आहेत आणि दोन्ही वर सांगितलेल्या उघडेपणाच्या काळांशी जुळतात. पहिली वेळ वसंतातली, साधारण एप्रिलचा मध्य ते मेची सुरुवात, जेव्हा अळ्या हिवाळ्याचा निवारा सोडून नव्या कळ्यांकडे जातात. ही वेळ ओळखण्यासाठी कॅलेंडरपेक्षा कळ्यांवर विश्वास ठेवावा. कळ्या फुगल्या, जुन्या पांढरट राळेच्या शेजारी ताजी पारदर्शक राळ आणि ओलसर जाळे दिसू लागले, की अळ्या हलल्या असे समजावे. रोज सकाळी खूण केलेल्या दहाबारा बाधित कळ्या पाहण्याची सवय ठेवली तर हा दिवस सहसा चुकत नाही. दुसरी वेळ जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंतची, अळ्या अंड्यांतून निघून सुयांच्या बेचक्यात जाळे विणत असतानाची. ती सापळ्यातल्या तारखेवरून ठरते. दोन्ही वेळा हुकल्या तर त्या वर्षी फवारणीचा नाद सोडून छाटणीकडे वळावे. राळेच्या कवचावर ओतलेले औषध अळीपर्यंत पोहोचत नाही, मित्रकीटकांना मात्र गाठते.

औषधाची निवड तुमच्या देशात पाइनवर या किडीसाठी ज्याला परवानगी आहे त्यातूनच करावी आणि मात्रा, संरक्षक कपडे, पुन्हा शेतात जाण्याचा अवधी या सगळ्या गोष्टी लेबलाप्रमाणेच पाळाव्यात. बॅसिलस थुरिंजिएन्सिससारखी जैविक औषधे अळीच्या पोटात गेल्याशिवाय काम करत नाहीत, आणि ही अळी कोंबाचा पृष्ठभाग फार थोडा वेळ खाते, म्हणून त्यांच्याकडून मर्यादितच अपेक्षा ठेवावी. कोणतेही औषध असो, फवारा शेंड्याच्या कळ्यांवर आणि सुयांच्या तळापर्यंत पोहोचला पाहिजे. पाइनच्या सुया मेणचट असतात, त्यांवरून थेंब घरंगळतात. लेबलावर सांगितलेले चिकटद्रव्य वापरल्यास फरक पडतो. वारा पडलेल्या, पावसाची शक्यता नसलेल्या वेळी बारीक थेंबांचा फवारा वरून खाली असा मारावा आणि जवळपास फुललेल्या झाडांवर मधमाश्या काम करत असतील तर थांबावे.

सातवा टप्पा: मित्रकीटकांना जागा द्या

या किडीवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांपैकी ऑर्गिलस ऑब्स्क्युरेटर ही सर्वांत उपयोगी ठरलेली आहे. तिची मादी लांब अंडनलिका जाळ्यातून आत खुपसून कोवळ्या अळीच्या शरीरात अंडे घालते. गांधीलमाशीची अळी यजमान अळीच्या आत हिवाळा काढते आणि वसंतात तिला संपवून बाहेर पडते. म्हणजे वसंतात छाटून उघडलेल्या कोंबात पतंगाच्या अळीऐवजी लहानसा रेशमी कोष सापडला, तर तो मित्राचा असण्याची शक्यता मोठी आहे. युरोपातून ही माशी आधी उत्तर अमेरिकेत आणि पुढे चिलीत नेऊन सोडण्यात आली, आणि चिलीतल्या राडिआटा लागवडींत तिने किडीवर चांगला वचक बसवला.

उत्तर अमेरिकेत तिच्याबरोबर टेमेलुका इंटरप्टर ही दुसरी माशीही सोडली गेली आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट उघड झाली. टेमेलुकाची मादी ऑर्गिलसने आधीच अंडे घातलेल्या अळ्या शोधून त्यांनाच पसंती देते. दोन परजीवी एकाच अळीत वाढू लागले की टेमेलुकाची अळी ऑर्गिलसच्या अळीला मारते. परिणामी जास्त जातींचे मित्रकीटक सोडले म्हणजे जास्त नियंत्रण होईल, हा सरळ वाटणारा हिशेब इथे फसला. जैविक नियंत्रणाची आखणी करणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे.

लागवड सांभाळणाऱ्याला यातून करता येण्याजोगे काम म्हणजे फुलांची सोय. ऑर्गिलसच्या प्रौढ माश्या मकरंदावर जगतात, आणि ऑन्टारिओतल्या अभ्यासात रानगाजरासारख्या फुलांवर पोसलेल्या माद्या जास्त दिवस जगल्या व त्यांनी जास्त अंडी घातली असे आढळले. म्हणून ओळींमधले सगळे गवत आणि रानफुले मुळापासून साफ करण्याचा हव्यास धरू नये. रोपांना स्पर्धा होणार नाही इतके अंतर राखून, छत्रीसारखे फुलोरे येणाऱ्या वनस्पतींचे पट्टे पतंगांच्या उड्डाणकाळात आणि त्यानंतर फुलत राहू द्यावेत. छाटलेल्या कोंबांतले मित्रकीटक वाचवायचे असतील तर ते कोंब लगेच न जाळता बारीक जाळीच्या पेटीत ठेवावेत. जाळीची भोके अशी हवीत की बारीक गांधीलमाशी बाहेर जाईल आणि पतंग आत अडकेल.

आठवा टप्पा: कडक हिवाळ्याचा फायदा घ्या

हिवाळ्यातले तापमान उणे 28 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली गेले की कळ्यांतल्या अळ्या मोठ्या प्रमाणावर मरतात. अपवाद असतो तो बर्फाखाली गाडल्या गेलेल्या फांद्यांचा, कारण बर्फाचा थर उबदार पांघरुणाचे काम करतो आणि तिथल्या अळ्या वसंतात सुखरूप बाहेर येतात. अशा थंड प्रदेशात तरुण झाडांच्या सर्वांत खालच्या फांद्या शरद ऋतूत काढून टाकणे हा साधा उपाय आहे, कारण त्यामुळे अळ्यांचा सुरक्षित निवाराच नाहीसा होतो. फक्त एकाच वेळी इतक्या फांद्या काढू नयेत की झाडाचा हिरवा भाग निम्म्याच्या खाली जाईल, आणि नाताळच्या झाडांवर किंवा शोभेच्या झाडांवर हा उपाय करू नये.

फार थंड हिवाळा झाल्यास फवारणीचे ठरवण्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगवेगळ्या उंचीच्या बाधित कळ्या आणून उघडाव्यात. घरात तासभर ठेवल्यावर जिवंत अळी हळूहळू हालचाल करते. मेलेली काळपट, लुळी किंवा सुरकुतलेली दिसते. बहुतेक मेल्या असतील तर त्या वसंतात औषधाचा खर्च वाचतो.

नववा टप्पा: नवी लागवड आणि रोपांची खरेदी

रेड पाइन, मुगो, स्कॉट्स पाइन, ऑस्ट्रियन पाइन, जॅपनीज रेड पाइन आणि राडिआटा या जाती या किडीच्या आवडीच्या आहेत. ईस्टर्न व्हाइट पाइनला त्रास तुलनेने कमी होतो. कीड मुरलेल्या भागात केवळ एकाच आवडत्या जातीची मोठी तुकडी लावणे टाळावे. कोरड्या, निकस, वालुकामय जमिनीवरच्या झाडांचे नुकसान जास्त होते, आणि त्याचे कारण राळेत आहे: कळीत शिरू पाहणाऱ्या कोवळ्या अळीवर झाडाने जोराने राळ सोडली तर ती अळी तिथेच बुडून मरते, पण तहानलेल्या झाडात राळेचा दाब कमी असतो. म्हणून लागवडीनंतरच्या पहिल्या वर्षांत पाणी देणे आणि मुळांवर आच्छादन ठेवणे हेही कीड-नियंत्रणच आहे. लाकडासाठी लावताना अंतर थोडे कमी ठेवल्यास शेंडे लवकर एकमेकांना भिडतात आणि धोक्याची वर्षे कमी होतात.

ही कीड समुद्र ओलांडून गेली ती रोपांच्या कळ्यांत लपून, त्यामुळे रोपवाटिकेच्या दारातच तिला अडवणे सर्वांत स्वस्त पडते. रोपे बहुतेक शरद ऋतूत किंवा वसंताच्या तोंडावर हलवली जातात, आणि नेमक्या त्या वेळी अळी बारीक असते व बाहेरून फारसे काही दिसत नाही. खरेदी करताना प्रत्येक गठ्ठ्यातली काही रोपे बाजूला काढावीत, शेंड्याच्या कळ्यांचे कडे भिंगाखाली फिरवून पाहावे, कळ्यांच्या बेचक्यात राळेचा पांढरट ठिपका किंवा रेशमाचा धागा दिसल्यास ती कळी पात्याने उघडावी, आणि एकाही कळीत अळी मिळाली तर पूर्ण गठ्ठा परत करावा. रोपे इतर राज्यांतून किंवा देशांतून येत असतील तर तिथल्या वनस्पती-संगरोध नियमांचे प्रमाणपत्र आधी मागून घ्यावे आणि आलेली रोपे पहिल्या वसंतात मुख्य लागवडीपासून दूर वाढवून, जूनपर्यंत एकही तपकिरी कोंब दिसला नाही याची खात्री झाल्यावरच त्यांच्या कायमच्या जागी लावावीत.